दार शेवटी बसवायचं

११ जानेवारी

प्रिय चिंगी,

फाडायच्या आधी एवढं वाच. घरात कोणी आजारी नाही, कोणी मरायला टेकलेलं नाही, आणि मी तुला घरी बोलवायलाही लिहीत नाहीये. बाबांनी स्वतःच्या तोंडाने 'ये' म्हटल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही, असं तू दारात उभी राहून ठणकावून गेलीस. आणि तुझा बाप, म्हणजे आमचा दादा, म्हणतो, आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने येईल. दोघंही एकाच मापाचे. तुझी आई असती तर तिने दोघांचे कान धरून एका टेबलाशी बसवलं असतं. मला ते जमत नाही. मी मध्ये पडणं सोडून दिलंय, तेव्हा निर्धास्त वाच.

मला फक्त एक विचारायचंय, आणि ते विचारल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हं' म्हणतेस, मागे कोणीतरी भांडी आपटतं, आणि 'आत्या, नंतर करते गं' म्हणून ठेवून देतेस. ते नंतर काही उगवत नाही.

तर ऐक. दादाने एक टाकी आणलीय. लोखंडी, आडवी, आत मी पाय पसरून झोपेन एवढी. ट्रकवाला ती मागच्या अंगणात शेडपुढे उतरवत होता तेव्हा मी पडद्यांना शिवण घालत होते. मशीन तशीच टाकून धावले.

'हे काय?'

'टाकी.'

'ते दिसतंय मला. कशाला?'

'भंगारात पडली होती.'

झालं! पुढे तोंडाला कुलूप. अगं, भंगारात काय काय पडलेलं असतं, सगळं कोणी उचलून घरी आणतं का? बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसाने शेजाऱ्यांच्या खुर्च्यांच्या पायांखेरीज कशाला टाका मारलेला नाही. आणि आता एकदम हे धूड.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही, तुला माहीतच आहे. तो आंघोळीला गेल्यावर शेडमध्ये डोकावले. फरशीवर खडूने चित्र काढलेलं. आडवी टाकी, तिच्या एका टोकाला, थोडी खाली, चौकोनी पेटी. दुसऱ्या टोकाला धुराडं. मला वाटलं, हे कुठेतरी पाहिलंय. मग आठवलं. नोकरीला लागलीस तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास, एका काळ्याकुट्ट भट्टीपुढे उभी, ॲप्रनला हात पुसत. तो फोटो माझ्या गुंड्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो. काढून पाहिला. तेच ते! पेटी, टाकी, धुराडं.

आता सांग, मी वेडी की तो? 'मी जन्मभर धूर खाल्ला तो काय पोरीला धुरात उभी करायला?' हे त्याचं वाक्य मला अजून ऐकू येतं. चांगली ऑफिसातली नोकरी सोडून तू परक्याच्या स्वयंपाकघरात मांसाला धुरी द्यायला निघालीस, म्हणून ज्याने तुझ्याकडे पाठ फिरवली, तोच माणूस आपल्या अंगणात धुराचं यंत्र कशाला करेल?

तू त्याला गुपचूप काही लिहिलंस का? लिहिलं असशील तर सांग, मी रागावणार नाही. रागावेन, पण नंतर.

या भट्टीला म्हणतात काय, आणि आग टाकीखाली न लावता बाजूच्या पेटीत का लावतात, तेही कळव. माझ्या डोक्यात नुसता भुंगा लागलाय.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार! 'याला स्मोकर म्हणतात. आग बाजूला कारण मांसाला जाळ नको, ऊब आणि धूर हवा. मी बाबांना काही लिहिलेलं नाही. टाकीत आधी काय होतं ते बघा, पाण्याने भरूनच कापा, नाहीतर उडाल दोघं.' खाली सहीसुद्धा नाही. तुझी तब्येत कशी आहे, खातेस काय, झोपतेस कधी, हे विचारायला आता मी कोणाला लिहू?

आणि टाकीचं म्हणशील तर तुझं पत्र यायच्या आधीच त्याने ती काठोकाठ पाण्याने भरून ठेवली होती. मी तुझी सूचना मनातल्या मनात घोकत शेडमध्ये गेले, तर हा पाइप लावून बसलेला. म्हणाला, 'तेलाची टाकी आहे. वाफ राहते आत.' तुम्ही दोघं लांब राहूनही एकच बोलता आणि समोरासमोर बसवलं की एका शब्दावर जमत नाही. याला काय म्हणावं?

आता खरी बातमी. मी या कामात आहे! मी विचारलं नव्हतं हं, त्यानेच बोलावलं. त्याचं झालं काय, धुराड्याचा पाइप गोल आणि टाकीही गोल. गोलावर गोल बसवायचा तर पाइपचं तोंड वाकडं कापावं लागतं. एकदा कापलं, फट राहिली. पुन्हा कापलं, दुसरीकडे फट. नजर पूर्वीसारखी राहिली नाही, हे तो कबूल करणार नाही. तिसऱ्यांदा माझ्या दारात येऊन उभा. 'खाकी कागद आहे का?'

'कशाला?' मी विचारलं. सांगेपर्यंत दिला नाही.

मग टाकीजवळ जाऊन बघते तर काय, ही तर बाही! कोटाची बाही मुंढ्याला जोडायची असते तेव्हा बाहीचं टोक सरळ कापून चालत नाही, वरून फुगीर आणि खालून खोल घ्यावं लागतं. मी कागद पाइपला गुंडाळला, टेप लावली, खडूने वळण काढलं, कात्रीने कापलं. दादाने त्या कागदावरून पाइप कापला आणि टाकीवर टेकवला. मध्ये कागदसुद्धा शिरणार नाही असा चपखल बसला.

त्याने त्या जोडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, 'शिव आता याला अस्तर.' इतक्या वर्षांत माझी अशी स्तुती त्याने केलेली नाही. मी दिवसभर तरंगत होते.

कुणासाठी करतोय हे अजून सांगत नाही. शेजारचा बेकरीवाला म्हणाला, 'काका हॉटेल काढताय काय?' दादा म्हणाला, 'तुमच्या ओव्हनला नजर लागेल, सरका.' मी परस्पर तीन अंदाज बांधलेत. एक, म्हातारपणाचं खूळ. दोन, विकायचंय. तिसरा मी लिहीत नाही, तू पत्र फाडशील.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

आज नुसती तक्रार करायचीय. ऐकून घे.

भट्टी जवळपास उभी राहिली. खाली चाकं लावलीत, चांगली जाड, ट्रॉलीची. गाडीच्या मागे जोडून ओढून नेता येईल. मी म्हटलं, 'घरात वापरायची तर चाकं कशाला?' तर म्हणे, 'असू देत.' मी टेप काढली आणि चाकांसकट रुंदी घेतली. मग फाटकाची घेतली. फाटक लहान! मी हसून हसून भिंतीला टेकले. बॉयलर बांधणारा माणूस, आणि बाहेर काढायचं कसं याचा पत्ता नाही! तो जराही वरमला नाही. 'फाटक मीच बसवलंय, मीच काढीन,' म्हणाला.

आणि आता दार. दादाने बसवलेली सगळी दारं तुला आठवत असतील. माझं कापडाचं कपाट डावीकडे उघडतं, कारण माझ्या उजव्या हातात कात्री असते. बेकरीवाल्याचं मागचं दार कोपराने उघडतं, कारण त्याच्या दोन्ही हातांत ट्रे. दादाचा नेमच तो. दार शेवटी बसवायचं, आणि ज्याला उघडायचंय त्याला समोर उभं करून बसवायचं. त्याला 'उघड' म्हणायचं, आणि कुठला हात आधी पुढे येतो, किती उंचीवर येतो, ते बघायचं. विचारायचं नाही, नुसतं बघायचं. लोक तोंडाने एक सांगतात आणि हाताने दुसरंच करतात, असं तो म्हणतो.

तर भट्टीचं दार कापून झालंय, बिजागऱ्या घडवून झाल्यात, आणि ते दार आठवड्यापासून भिंतीला टेकून उभं आहे. मी रोज वाट बघतेय की मला हाक मारेल. शेवटी घरात तिसरं आहे कोण? काल आपणहून जाऊन भट्टीपुढे उभी राहिले, पदर-बिदर खोचून. उजवा हात जरा पुढे केला, म्हटलं, बघेल.

म्हणतो, 'सरक, उजेड अडवतेस.'

मला अस्सा राग आला! मी तशीच उलट्या पावली मशीनवर येऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला उलटी कॉलर लावली.

नंतर चहा द्यायला गेले तर हा टाकीच्या आत. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, हातात कानस, आणि आतली प्रत्येक कड घासतोय. बाहेरून कोणाला दिसणारही नाहीत अशा कडा. घासायचा, मग तळवा फिरवायचा. मी म्हटलं, 'आत कोण बघायला जाणार आहे?' म्हणाला, 'बघायला नाही. जाळ्या काढताना हात आत जातो. घाईत कापतो.'

कुणाचा हात, ते मी विचारलं नाही. चहा तिथेच ठेवून आले.

तुझे हात कसे आहेत गं? भाजतेस का फार?

आत्या


६ मार्च

चिंगे,

हे पत्र घाईत लिहितेय आणि उत्तरही घाईतच हवंय. घोडं अडलंय.

आज पहिल्यांदा पेटवली. बिजागऱ्या अजून बसवलेल्या नाहीत, म्हणून ते दाराचं धूड दोघांनी उचलून लावलं आणि साखळीने आवळलं. माझी कंबर गेली. 'बसवून टाक ना बाबा एकदाचं,' म्हटलं, तर 'शेवटी' म्हणाला. आधी तेल चोपडून नुसती तापवली, जुना रंग आणि वास जळून जाऊ दिला. मग मी म्हटलं, पहिल्याच खेपेला मांस लावलं आणि वाया गेलं तर? त्यापेक्षा ब्रेडचे तुकडे लावून बघू, कुठे किती आच लागते ते कळेल. बेकरीवाल्याकडून शिळे पाव आणले आणि जाळीभर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडले.

दार काढलं. चिंगे, पेटीकडचे पाव कोळसा. मधले तपकिरी. धुराड्याकडचे पांढरे फटक, थंडगार, जसे ठेवले तसेच! आणि धूर? धूर टाकीच्या छताला चिकटून सरळ वरून धुराड्यात पसार. खाली जाळीवर फिरकलासुद्धा नाही.

दादा पावांकडे बघत राहिला. मग कोळसा झालेले आणि पांढरे, सगळे एका बादलीत भरले आणि हात धुऊन आत जाऊन बसला. जेवला नाही. मी दोनदा बोलवायला गेले. दुसऱ्यांदा म्हणाला, 'बॉयलरमध्ये वाफ वर जाते, तशी वाट काढून दिली मी. डोकं तेवढंच चालतं माझं. सोमवारी कापून मोडीत घालतो.'

आणि तो घालेल हं. तू त्याला ओळखतेस. एकदा म्हटलं की म्हटलं.

त्याने कोणाला विचारलं तर ना! मी म्हटलं, 'एखाद्या माहितगाराला विचारू.' तर माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. कारण माहितगार कोण, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

म्हणून मी विचारतेय. त्याला न सांगता. काय करायचं ते लिही, चित्र काढून लिही, मला कळेल असं लिही. तुला आमच्यावर राग असेल तर तो तसाच ठेव, मी मागत नाही. पण ही भट्टी मोडू देऊ नकोस. ती कुणासाठी केलीय हे तो बोलला नाही, पण मी काय आंधळी आहे? तुला एवढंही कळत नसेल तर तुझ्यासारखी तूच.

फोन करते म्हणालीस तरी चालेल. नाहीतर पत्र. पण रविवारच्या आत.

आत्या


१४ मार्च

माझी गुणाची चिंगी,

तुझी दृष्ट काढावीशी वाटतेय, पण तू चिडशील.

तू फोन केलास तेव्हा तो अंगणात होता आणि मी कपड्यांच्या ढिगात तोंड घालून 'हो, हो, तिरका, हो' असं कुजबुजत होते. गिऱ्हाईक बाई समोर बसलेल्या. त्यांना वाटलं मला काहीतरी झालं.

फोन ठेवला आणि शेडमध्ये गेले. दादा कटर जोडत होता. मी आपलं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, 'मला काय वाटतं, आपण धुराड्याचा पाइप आतून खाली आणावा, जाळीपर्यंत. म्हणजे धुराला बाहेर पडायला खाली यावंच लागेल. आणि पेटीच्या तोंडाशी एक पत्रा तिरका लावावा, म्हणजे आच एका जागी न बसता पुढे सरकेल.'

तो थांबला. 'हे तुला कुठे सुचलं?'

'शिवणकामात असतं असं.'

'शिवणकामात धूर?'

'म्हणजे... चुण्या. चुण्या एका जागी गोळा झाल्या तर पसरवायच्या असतात.'

काय बोलले मी, माझं मला कळलं नाही. पण त्याने कटर खाली ठेवला. पत्रा कापला, पाइप जोडला. पुन्हा पाव मांडले, पुन्हा ते दार उचललं, पुन्हा माझी कंबर.

आणि दार काढलं, तर सगळे पाव एका रंगाचे! या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाला कुंपणावरून बघत होता, तो म्हणाला, 'माझ्या ओव्हनला हे जमत नाही.'

दादाने एक पाव उचलला. खाल्ला नाही, नाकाशी धरला. मग स्वतःची बाही हुंगली. म्हणाला, 'रोज घरी जाताना अंगाला हाच वास येत असेल, नाही?'

मी 'हं' म्हटलं.

'वाईट नाही वास,' म्हणाला. 'मला वाटलं होतं आमच्यासारखा असेल, घशात बसणारा. हा तसा नाही.'

अगं, माझे डोळे भरून आले आणि मी ते धुरावर ढकललं. आता भट्टी पूर्ण आहे. राहिलंय फक्त दार. मी पुन्हा त्यावर विचारलं नाही. मलाही मान आहे.

आत्या


२९ मार्च

प्रिय चिंगी,

या पत्राला मी काय नाव देऊ ते कळत नाहीये, कारण अर्धं माझं नाही.

आज सकाळी मी कापड बेतत होते. तो दारात आला. हातात काही नाही, खाकी कागद मागायलाही आलेला नाही. चौकटीला टेकला आणि म्हणाला, 'शिवणकामात धूर नसतो.'

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

'पत्रा तिरका लावायचं डोकं तुझं नाही,' म्हणाला. 'तू पदार्थ करपला तर भांडं फेकून देतेस. हे रोज धुरापुढे उभं राहणाऱ्याचं डोकं आहे.'

मी म्हटलं, 'मग त्या दिवशी बोलला का नाहीस?'

'पाव बघायचे होते.' मग म्हणाला, 'बरोबर सांगितलं तिने. मला नसतं सुचलं.'

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय, त्यात माझा एक टाका नाही.

मग मी सरळ विचारलं. आता कशाची भीती? 'दादा, भट्टी तिच्यासाठीच आहे ना? मग दार बसवून टाक आणि पाठवून दे. गाडीला जोडली की झालं. ती डावरी आहे, तुलाही माहीत आहे, मलाही. डावीकडे हात येईल असं बसव.'

त्याने मान हलवली. 'डावरी म्हणून डावीकडेच हात जाईल असं नाही. जड उचलायची सवय झाली की माणूस दुसरा हात पुढे करतो. इतकी वर्षं ती काय उचलते, कशी उभी राहते, मला काय माहीत? मी कुठे बघितलंय?'

चिंगी, तो हे म्हणाला आणि तिथल्या स्टुलावर बसला. गिऱ्हाइकाचं अर्धं कापड त्याच्याखाली होतं, मी उठ म्हटलं नाही.

आता तो माझ्यासमोर बसलाय आणि मी हे त्याच्यासमोरच लिहितेय. म्हणाला, 'लिही, मी सांगतो.' म्हटलं, तूच लिही, हे घे पेन. तर म्हणे, माझं अक्षर खडूने बरं येतं. म्हणून तो सांगतोय तसं:

'टाकी जाड पत्र्याची आहे, गंजणार नाही. जाळ्या सुट्या आहेत. आतल्या कडा घासल्यात, तरी हात जपून घाल. धुराडं तू सांगितलंस तसं केलंय. आच सगळीकडे सारखी येते.'

मी म्हटलं, हे काय तिला बिल पाठवतोस का? पुढचं सांग.

'दार तयार आहे. बसवलेलं नाही. ते मला इथून बसवता येणार नाही.'

मी पेन धरून बसले. म्हटलं, एक शब्द राहिलाय, दादा. त्या शब्दासाठी पोर अडून बसलीय. तो मी माझ्या मनाने घालणार नाही, तुझ्या तोंडाने यायला हवा.

तो खिडकीबाहेर भट्टीकडे बघत होता. भिंतीला टेकलेल्या दाराकडे.

'ये,' म्हणाला. 'लिहिलंस? ये म्हणावं. समोर उभी राहा, म्हणावं. मी बघतो.'

लिहिलं.

आता माझं: काल त्याने भट्टी बाहेर काढून बघायची म्हणून फाटक उखडून ठेवलंय, आणि सकाळपासून शेजारची कुत्री आमच्या अंगणात हिंडताहेत. तेव्हा आलीस की हाक मारत बाहेर उभी राहू नकोस. सरळ आत ये.

तुझी,
आत्या